गाणे आपले, मग खाते दुसऱ्याचे का?

जयंतीची धामधूम संपली आणि आठवडाभराने एक तरुण गायक माझ्या कार्यालयात आला. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले आणि स्वतःच गायिलेले एक भीमगीत त्याने आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकले होते. दुसऱ्याच दिवशी त्याला कळविण्यात आले की, या गाण्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी मालकी हक्क नोंदलेला आहे आणि त्यातून होणारी मिळकत त्या दावेदाराकडे जाईल. "वकीलसाहेब, शब्द माझे, चाल माझी, आवाज माझा. मग चोर मी कसा?" हा त्याचा सवाल होता.

मी करारनामा मागितला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर एक पानभर इंग्रजी मजकूर. २०१९ साली एका गाण्यांच्या कंपनीने त्याच्याकडून तो सही करून घेतला होता. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' असे त्यात लिहिलेले होते. किती टक्के मानधन, कधी, कोणत्या हिशेबाने, याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. गंमत म्हणजे ध्वनिमुद्रणाचा खर्चही या पोरानेच केला होता. लग्नाच्या वरातीत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत गाऊन साठविलेले अठरा हजार रुपये त्याने त्यात घातले होते. पुढे कंपनीच्या चॅनेलवर ते गाणे लाखो वेळा वाजले. त्याच्या पदरात काय पडले? एक स्मृतिचिन्ह आणि फेसबुकवरचे अभिनंदन!

ही एकट्या त्या पोराची कहाणी नाही. गावोगावच्या आपल्या गायक-गायिकांकडे, कव्वालांकडे, शाहिरांकडे, नव्याने रॅप करणाऱ्या मुलामुलींकडे असेच कागद पडून आहेत. आणि हे सारे कलावंत भेटले की एकच प्रश्न विचारतात, "यूट्यूबवर, स्पॉटिफायवर, जिओसावनवर आमचे श्रोते वाढतील कसे?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारला पाहिजे. वाढलेले श्रोते कोणाच्या खात्यावर मोजले जाणार? या प्रश्नाचे उत्तर न शोधता श्रोते वाढविण्याच्या मागे लागणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रात्रंदिवस राबून पिकाचा अभिमान बाळगण्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले. आता ते पुन्हा करायचे का?

थोडा इतिहास आठवू या. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलशाचा फड उभा केला, तेव्हा वृत्तपत्र वाचू शकणारी माणसे आपल्यात मोजकी होती. बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत नेला तो या जलशांनी. पुढे वामनदादा कर्डक आले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात जन्मलेला हा माणूस १५ मे २००४ रोजी आपल्यातून जाईपर्यंत वस्ती-वस्तीत गात राहिला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाने रात्रीच्या रात्री जागविल्या. तेव्हा कोणी श्रोत्यांची मोजदाद करीत नव्हते. पण श्रोता समोर होता, गायक त्याला ओळखत होता आणि तो गायकाला.

मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागू लागले. गाणी घरोघर पोहोचली, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र कलावंताला एकरकमी बिदागी देऊन मोकळे करण्याची रीतही तेव्हाच पडली. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, मेमरी कार्ड आले. मेमरी कार्ड गेले आणि आता मोबाईलवर थेट इंटरनेटवरून गाणे ऐकले जाते. माध्यम चार वेळा बदलले, पण आमच्या गायकाची सही घेण्याची पद्धत मात्र तीच राहिली. फरक एवढाच की, विकल्या गेलेल्या कॅसेटचा हिशेब कलावंताला कधी कळतच नव्हता. आज गाणे किती वेळा वाजले, कोणत्या शहरात वाजले, किती सेकंद ऐकून सोडून दिले, हे सारे नोंदले जाते. हिशेब आहे, पण तो ज्याचे खाते आहे त्यालाच दिसतो. म्हणून खाते कोणाचे, हा आज कळीचा प्रश्न आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. एका गाण्यात वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन ते तयार केले त्या निर्मात्याचा. आणि गायक-वादकांना सादरकर्ता म्हणून कायद्याने दिलेला स्वतंत्र हक्क. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती आपल्या प्रत्येक कलावंताने पाठ करावी अशी आहे. गाणे चित्रपटात असो वा स्वतंत्र ध्वनिमुद्रणात, गीतकार आणि संगीतकार यांना मानधनातील आपला समान वाटा कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेला देता येतो. करारात 'वाटा सोडला' असे लिहून घेतले, तरी कायदा ते मानत नाही. तसेच करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल तर त्या माध्यमाचे हक्क कंपनीकडे जात नाहीत.

कलम १९ तर आणखी सोपे आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखीच हवे आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. कोणते गाणे, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि मानधन किती, हे त्यात नमूद असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणूनच चतुर कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द आठवणीने घालतात. सही करण्यापूर्वी हे दोन शब्द शोधा. इंग्रजी येत नसेल तर आपल्या वस्तीतल्या वकिलाकडे जा. आज आपल्यात वकिलांची वाण नाही. एका सहीपूर्वीचा अर्धा तास पुढची पंधरा वर्षे वाचवितो.

गीतकार-संगीतकारांसाठी 'आयपीआरएस' ही १९६९ पासूनची संस्था आहे, तर गायक-वादकांसाठी 'इसामरा'. गाणे रेडिओवर, टीव्हीवर, मोठ्या समारंभात वाजते तेव्हा अशा संस्था मानधन गोळा करून सभासदांना देतात. आपल्या गीतकारांपैकी किती जण तिथे सभासद आहेत? सभासदच नसाल तर तुमच्या गाण्याचा पैसा तुमच्या दारापर्यंत येणार कसा?

मालकीची बाजू पक्की झाली की मग श्रोत्यांकडे वळू. इथे आपल्या कलावंतांचा मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटते की, यूट्यूब किंवा स्पॉटिफाय हे जणू आकाशवाणी केंद्र आहे. तिथे कोणी साहेब बसला आहे आणि त्याची मर्जी झाली की गाणे पुढे ढकलले जाते. तसे नाही. संपादकांनी हाताने निवडलेल्या याद्या असतात हे खरे, पण बहुतांश शिफारशी यंत्र करते. यंत्राला तुमची जात कळत नाही आणि तुमची तळमळही कळत नाही. त्याला एवढेच कळते की, ऐकणाऱ्याने गाणे अर्ध्यात सोडले की शेवटपर्यंत ऐकले. पुन्हा लावले की नाही. आपल्या यादीत जपून ठेवले की नाही. गायकाचे नाव टाइप करून मुद्दाम शोधले की नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकणे मोजलेच जात नाही. म्हणून दोन-दोन मिनिटे निवेदन, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावे आणि प्रायोजकांचे आभार, मग गाणे, अशी आपली सवय इथे घातक ठरते. पदाधिकाऱ्यांचे आभार खाली लिहा. गाणे गाण्याने सुरू होऊ द्या.

यंत्राला दया नाही हेही लक्षात ठेवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागील १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकले गेलेले नाही, त्याला ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे लागते, किंवा मग ९० दिवसांत छोट्या चित्रफितींना १ कोटी वेळा पाहिले जावे लागते. ही अट ऐकली की आपला पोरगा हताश होतो आणि कोणातरी भामट्याकडून हजार-दोन हजार रुपयांत खोटे व्ह्यूज विकत घेतो. हे करू नका. खोटी संख्या पकडली जाते, मोजणीतून वगळली जाते, गाणे काढून टाकले जाऊ शकते आणि स्पॉटिफाय तर त्यासाठी वितरकाला दंडही लावते. तो दंड फिरून तुमच्याच माथी येतो. शिवाय खोटा श्रोता पुढच्या गाण्याला परत येत नाही.

खरे तर ही अट आपल्याला अवघड नाही. साधे गणित करा. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. गाणे पाच मिनिटांचे धरले तर ४८,००० वेळा ते पूर्ण ऐकले जायला हवे. एक हजार माणसांनी आठवड्यातून एकदा ऐकले, तर ४८ आठवड्यांत हा आकडा भरतो. आणि एक हजार माणसे म्हणजे किती? प्रत्येकी पन्नास माणसे येणारी वीस विहारे! एका जिल्ह्यात, कित्येक ठिकाणी एका तालुक्यातही, वीस विहारे नाहीत का? ज्या समाजाचे लाखो लोक ६ डिसेंबरला रांगेत उभे राहतात, त्या समाजाच्या गायकाला हजार श्रोते मिळत नसतील तर दोष यंत्राचा नाही. आपण गर्दी जमवितो, पण गर्दीतला माणूस नावानिशी जोडून ठेवत नाही. चळवळीच्या राजकारणातही आपले हेच झाले आहे, हे सुज्ञ वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून श्रोते वाढविण्याचा पहिला मार्ग इंटरनेटवर नाही, तो मंचावर आहे. कार्यक्रमात तीन-चार गाणी झाली, लोक रंगले, त्याच वेळी गायकाने थांबून सांगावे, "मोबाईल काढा, माझे नाव टाका, आत्ताच जोडून घ्या." मंचाच्या पडद्यावर क्यूआर कोड लावावा. जिथे आयुष्यभर आपण वर्गणीची पावती फाडली, तिथे आता ही एक पावती फाडायची. यात लाजण्यासारखे काय आहे? पाचशे श्रोत्यांपैकी पन्नास जोडले गेले तरी ते पन्नास खरे आहेत, पुढच्या गाण्याला येणारे आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. आपली नव्वद टक्के गाणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतात की काय, असे वाटावे अशी परिस्थिती आहे. १३ एप्रिलच्या रात्री गाणे टाकायचे आणि १५ तारखेला ते वाजले नाही म्हणून रडायचे! त्या दोन दिवसांत तुमच्यासारखी हजारो गाणी येतात आणि ज्या कंपनीकडे आधीच लाखो सबस्क्रायबर आहेत तिचेच गाणे वर दिसते. जयंतीचे गाणे मार्चच्या मध्यातच आले पाहिजे, म्हणजे मंडळांच्या हाती ते सरावासाठी आणि मिरवणुकीसाठी वेळेवर पडेल. स्पॉटिफायवर गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वी किमान सात दिवस आधी ते कलावंताच्या खात्यातून संपादकांकडे विचारासाठी पाठविता येते. असे केले तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या साप्ताहिक नव्या गाण्यांच्या यादीतही ते जाते. वितरकाकडून गाणे सगळीकडे पोहोचायलाही काही दिवस लागतात. म्हणून तीन-चार आठवडे हातात ठेवा.

आणि वर्षात दोनच दिवस का? ३ जानेवारी सावित्रीमाईंची जयंती. ७ फेब्रुवारी रमाईंची. २० मार्च चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. मे महिन्यात बुद्ध पौर्णिमा. २६ जून शाहू महाराज, १ ऑगस्ट अण्णा भाऊ साठे, १५ ऑगस्टला वामनदादांची जयंती. त्यातच वर्षावासाचे तीन महिने, ज्यात विहारा-विहारात रोज ग्रंथवाचन चालते आणि रोज गाण्याला जागा असते. पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, २८ नोव्हेंबरला जोतिरावांचा स्मृतिदिन, २५ डिसेंबर मनुस्मृती दहन, १ जानेवारी भीमा कोरेगाव. इतके भरगच्च वर्ष असलेल्या समाजाने दर दीड-दोन महिन्यांनी एक गाणे दिले तर श्रोत्याला वाट पाहण्याची सवय लागते. एका वर्षात एकदम दहा गाण्यांचा अल्बम टाकून गप्प बसण्यापेक्षा सहा गाणी सहा वेळा देणे केव्हाही चांगले. शिवाय आमच्या गाण्यात केवळ जयजयकारच असावा असे कुठे लिहिले आहे? शेतमजुराची बाई, शिष्यवृत्तीसाठी चकरा मारणारा विद्यार्थी, गटारात उतरून गुदमरून मेलेला सफाई कामगार, आंतरजातीय प्रेम, ही सारी गाणी आंबेडकरी गाणीच आहेत, आणि त्यांना तारखेची गरज नाही.

तिसरी गोष्ट नावाची. एकच गायक एका ठिकाणी 'मिलिंद', दुसरीकडे 'शाहीर मिलिंद' आणि तिसरीकडे 'मिलिंद भीमशाहीर' या नावाने नोंदलेला असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ती तीन माणसे आहेत. श्रोतेही तीन ठिकाणी वाटले जातात. एकच नाव धरा, ते देवनागरी आणि रोमन दोन्हींत ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. भाषेच्या रकान्यात मराठी लिहा. 'नवीन सुपरहिट भीमगीत डीजे' असे शीर्षक दिले तर तुमचे गाणे त्याच नावाच्या ढिगात बुडते. गाण्याचे जे खरे शब्द लोकांच्या ओठी बसतील तेच शीर्षक द्या, कारण लोक तेच शोधतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो त्या ध्वनिमुद्रणाचा आधार क्रमांक समजा आणि वहीत लिहून ठेवा. उद्या वितरक बदलला तरी तोच क्रमांक वापरला की जुनी मोजणी गाण्याबरोबर जोडलेली राहण्याचा मार्ग मोकळा असतो.

आणि गीतकाराचे नाव! हे लिहिताना मला संताप येतो. दुसऱ्यांनी आमच्यावर अन्याय केला म्हणून आपण ओरडतो, पण वामनदादांची गीते दादांचे नावही न लिहिता किती चॅनेलवर वाजत आहेत, हे कधी पाहिले आहे? कोणी 'पारंपरिक' लिहितो, कोणी चक्क स्वतःचे नाव लिहितो. गीतकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे त्याच्या शब्दांवर कॉपीराइट असतो. म्हणजे दादांच्या शब्दांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. कर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्क तर कलम ५७ नुसार हस्तांतरणानंतरही कायम राहतो. जुन्या शाहिरांची गाणी जरूर गा, पण वारसांची लेखी परवानगी घ्या, नाव लिहा आणि मिळकतीतला वाटा द्या. जो आपल्या थोरांचे नाव खोडतो, त्याने आपले नाव खोडले गेले म्हणून कोणत्या तोंडाने भांडावे?

चौथी गोष्ट आपणा वाचकांसाठी. गाणे आवडले की आपण काय करतो? ते डाऊनलोड करतो आणि व्हॉट्सॲपच्या शंभर गटांत ती फाईल पाठवितो. आपल्याला वाटते चळवळीची सेवा झाली. प्रत्यक्षात त्या फाईलवर ऐकलेले एकही ऐकणे गायकाच्या खात्यावर मोजले जात नाही. तीच फाईल घेऊन कोणी आपल्या चॅनेलवर टाकतो आणि श्रोते तिकडे जातात. म्हणून एक साधा नियम घरात, मंडळात, विहारात लावून घ्या. फाईल पाठवायची नाही, गायकाच्या स्वतःच्या चॅनेलची लिंक पाठवायची. एवढा एक नियम पाळला तरी कितीतरी कलावंतांचे वर्ष पालटेल.

आता छोट्या चित्रफितींविषयी. रील्स आणि शॉर्ट्समुळे अनोळखी माणूस आपल्यापर्यंत येतो, हे खरेच. पण तो दरवाजा आहे, घर नव्हे. तीस सेकंदांत धुमाकूळ घालणाऱ्या ओळीमागे पूर्ण गाणे उभे नसेल आणि त्या गाण्याकडे नेणारी लिंक नसेल, तर माणूस दारातूनच परत जातो. दुसरा धोका याहून मोठा आहे. लोक काय पाहून थांबतात, हे यंत्र टिपते. माणूस भडक गोष्टीपाशी थांबतो. मग कलावंतही हळूहळू भडक होत जातो. विचाराची जागा शिवीगाळ घेते, जलशाची जागा छातीत धडकी भरविणारा डीजे घेतो. व्ह्यूज वाढतात आणि प्रबोधन आटते. श्रोते वाढविण्यासाठी गाणे बदला, असे कोणी सांगेल तर त्याला नकार द्या. गाण्याची सुरुवात, नाव, वेळ, नोंदणी हे सारे बदला. आशयाला हात लावू नका.

हे जमते का? जमते. जालंधरची गिन्नी माही गुरू रविदासांवर आणि बाबासाहेबांवर पंजाबीत गात यूट्यूबवरून देशभर पोहोचली. २०१६ मध्ये तिचे नाव सर्वतोमुखी झाले तेव्हा ती अजून कॉलेजवयीन मुलगी होती. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गाणाऱ्या. मोबाईलवरच्या चित्रफितींनी त्यांचा आवाज घरोघर नेला. त्या आवाजाला ना स्टुडिओ लागला, ना जाहिरात.

पण केवळ पोहोचणे पुरेसे नाही, याचा धडाही समोर आहे. तामिळनाडूचा अरिवु, ज्याच्या शब्दांत मळ्यांत राबलेल्या भूमिहीन पूर्वजांची कथा आहे, त्याचे 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे मार्च २०२१ मध्ये आले. कोट्यवधी वेळा पाहिले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका प्रसिद्ध संगीत मासिकाने मुखपृष्ठ छापले, त्यावर गायिका होती, अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर निषेध केल्यावर पुढे त्याच्यासाठी वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. मार्च २०२४ मध्ये या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की, एवढ्या गाजलेल्या गाण्यातून आपल्याला काहीच उत्पन्न मिळालेले नाही. त्या वादात कोण बरोबर, याचा निवाडा मी करणार नाही. मात्र देशभर गाजलेल्या गाण्याच्या कर्त्यांना नावासाठी आणि पैशासाठी झगडावे लागते, तर तालुक्याच्या गायकाचे काय, हा विचार प्रत्येकाने करावा.

काही जुने कार्यकर्ते म्हणतील, "वकीलसाहेब, चळवळीचे गाणे प्रबोधनासाठी असते. व्ह्यूज आणि मानधनाची भाषा बाजाराची आहे." मी त्यांच्या भावनेचा आदर करतो. पण ज्यांनी आम्हाला जागविले त्या शाहिरांच्या म्हातारपणी औषधाला पैसे नसावेत, त्यांच्यासाठी मदतफेरी काढावी लागावी आणि त्यांच्याच गाण्यांवर दुसऱ्यांनी इमले बांधावेत, याला प्रबोधन म्हणायचे का? बाबासाहेबांनी आपल्याला श्रमाचा मोबदला हक्काने मागायला शिकविले. गाणे हेही श्रमच आहेत. मोफत गाण्याचे कौतुक बलुतेदारीतले आहे, संविधानातले नाही.

म्हणून माझे जयंती मंडळांना आणि विहार समित्यांना आवाहन आहे. एका रात्रीच्या डीजेवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग आपल्या भागातील एका गीतकाराच्या, एका गायिकेच्या ध्वनिमुद्रणासाठी बाजूला काढा. हक्क मात्र त्यांच्याच नावे राहू द्या, मंडळाचे नाव सौजन्य म्हणून लिहा. पत्रिकेवर आणि फलकावर गीतकाराचे नाव छापा. पाच-पंचवीस कलावंतांनी एकत्र येऊन आपली सहकारी संस्था नोंदवावी. महाराष्ट्रात १९६० चा सहकाराचा कायदा आहे. साखरेचे आणि दुधाचे सहकार झाले, तसे गाण्याचे का होऊ नये? एकत्र वितरक निवडता येईल, एकत्र करार तपासता येतील, एकाचे श्रोते दुसऱ्याला देता येतील. पाच गायकांनी एकमेकांच्या याद्यांत एकमेकांची गाणी ठेवली तरी पाचांचे श्रोते वाढतात. एकट्याने कंपनीशी भांडणे कठीण आहे. पंचवीस जणांनी भांडणे तितके कठीण नाही.

त्या तरुणाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याच्या करारात 'कायमस्वरूपी' हा शब्द असल्याने पाच वर्षांच्या मुदतीचा फायदा त्याला मिळाला नाही. पण तो गीतकार आणि संगीतकार आहे आणि त्याचा मानधनाचा वाटा कोणताही कागद हिरावून घेऊ शकत नाही. त्या आधारे आम्ही नोटीस दिली आहे. यूट्यूबवरच्या दाव्यालाही हरकत नोंदविली आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. दरम्यान रमाईंवर लिहिलेले नवे गाणे त्याने स्वतःच्या नावे नोंदविले, चार आठवडे आधी वितरकाकडे दिले, मंचावर क्यूआर कोड लावला. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "साहेब, दोनशे चौदा झाले. पण सगळे ओळखीचे आहेत."

मी म्हणालो, ओळखीचे आहेत हेच महत्त्वाचे. लाखभर अनोळखी माणसे दुसऱ्याच्या दारात उभी असण्यापेक्षा दोनशे चौदा ओळखीची माणसे आपल्या अंगणात बसलेली बरी. जलसा असाच सुरू झाला होता.

जयभीम!